बोटीतील इंधनमापक आणि दुर्लक्षित निगेटिव्ह वायर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंधन संपल्यामुळे बोट पाण्यात अडकून पडल्याची बातमी छापून येते, तेव्हा तिच्यात चालकाच्या बेफिकिरीचा उल्लेख हमखास असतो. इंधनमापकाचा, म्हणजे गेजचा, काटा त्या वेळी काय दाखवत होता, हे मात्र क्वचितच विचारले जाते. बोटींच्या विद्युत जोडणीचे काम करणारा कारागीर या नात्याने मला असे सांगावेसे वाटते की, ‘गेज बिघडले’ म्हणून बदलली जाणारी बरीचशी गेजे मुळात बिघडलेलीच नसतात. बिघाड वायरीत असतो, आणि त्यातही बहुधा सेंडरच्या, म्हणजे टाकीतल्या इंधनाची पातळी गेजला कळवणाऱ्या भागाच्या, निगेटिव्ह वायरीत. शिवाय काही जोडण्यांमध्ये तुटलेली एक वायर रिकाम्या टाकीला भरलेली दाखवते, ही गोष्ट तर बोटीच्या मालकांना कोणी सांगतच नाही. म्हणून हे पत्र.

यंत्रणा तशी साधी आहे. टाकीच्या वरच्या पृष्ठभागावर सेंडर बसवलेला असतो. त्याचा फ्लोट (तरंगता भाग) इंधनाबरोबर वरखाली होतो आणि त्याच्या हालचालीनुसार सेंडरचा विद्युतरोध बदलतो. काही सेंडरमध्ये फ्लोट एका हलत्या दांडीच्या टोकाला असतो, तर काहींमध्ये तो उभ्या नळीवर सरकतो आणि त्याच्यातले चुंबक नळीच्या आतले छोटे स्विच एकामागून एक बंद करत जाते. दुसऱ्या प्रकारात काटा सलग न सरकता टप्प्याटप्प्याने सरकतो. तो दोष समजू नये. डॅशबोर्डवरचे गेज या बदलत्या रोधाचे रूपांतर काट्याच्या स्थितीत करते. थोडक्यात, गेजला इंधन दिसत नाही, त्याला फक्त ओहम (रोधाचे एकक) दिसतात. वायरीत, लगमध्ये (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्यात) किंवा गंजलेल्या स्क्रूमध्ये जो जास्तीचा रोध शिरतो, तोही गेजच्या दृष्टीने इंधनाचाच आकडा असतो.

हे ओहम सर्वत्र सारखे नसतात, आणि पहिला घोटाळा इथेच होतो. अमेरिकी पद्धतीच्या सेंडरचा रोध टाकी रिकामी असताना सुमारे 240 ओहम आणि भरलेली असताना सुमारे 33 ओहम असतो. युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीला 10 आणि भरलेल्या टाकीला 180 ओहम, म्हणजे दिशाच उलटी. मोटारगाड्यांमधून आलेली 0 ते 90 ओहमची (रिकामी 0, भरलेली 90) तिसरी पद्धतही आढळते. दुकानात गेज आणि सेंडर वेगवेगळ्या खोक्यांत मिळतात, दिसायला सारखे असतात, स्क्रूही बरोबर बसतात. त्यामुळे जुळणी तपासण्याची कोणाला आठवण होत नाही. अमेरिकी पद्धतीचा सेंडर युरोपीय पद्धतीच्या गेजला जोडला की टाकी रिकामी होत जाईल तसा काटा ‘पूर्ण’कडे चढू लागतो. हा दोष निदान चटकन लक्षात येतो. फसवा प्रकार निराळा आहे. अमेरिकी गेजचा काटा साधारण 103 ओहमला अर्ध्यावर येतो. त्याला 0 ते 90 ओहमचा सेंडर जोडला तर टाकी काठोकाठ भरल्यावर काटा अर्ध्याच्या किंचित वर थांबतो, आणि इंधन जळत जाईल तसा वर सरकत जातो. निघण्यापूर्वी काटा अर्ध्यावर आणि तासाभराने पाऊण टाकीवर, हे पाहून चालक स्वतःची समजूत घालतो की बोट कलली असेल. म्हणून गेज किंवा सेंडर, दोहोंपैकी एकच बदलायचे असेल तेव्हा जुन्या भागाचा रोध मल्टिमीटरने मोजल्याशिवाय नवीन भाग घेऊ नये.

आता त्या तुटलेल्या वायरीविषयी. वायर तुटली की गेजच्या दृष्टीने रोध अमर्याद होतो. अमेरिकी पद्धतीत जास्त रोध म्हणजे रिकामी टाकी. त्यामुळे काटा ‘रिकामी’च्याही खाली जाऊन पडतो, चालक घाबरतो, किनाऱ्याला परततो आणि टाकी भरलेली पाहून वायरमनच्या नावाने बोटे मोडतो. नुकसान झाले ते एवढेच. युरोपीय पद्धतीत जास्त रोध म्हणजे भरलेली टाकी. तिथे तीच वायर त्याच जागी तुटली तर काटा ‘पूर्ण’च्या पलीकडे जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. वायर घासून तिचा उघडा भाग निगेटिव्हला टेकला, तर मात्र याच्या नेमके उलटे घडते: अमेरिकी गेज भरलेली टाकी दाखवते आणि युरोपीय गेज रिकामी. बोटीवर वायर घासून शॉर्ट होण्यापेक्षा ती गंजून तुटण्याचे आणि लग सुटण्याचे प्रमाण माझ्या अनुभवात कितीतरी जास्त आहे. त्यामुळे निवडीला वाव असेल तेव्हा मी 240 ते 33 ओहमची जोडी सुचवतो. युरोपीय जोडी निकृष्ट आहे असे माझे म्हणणे नाही. तिचा अचूकपणा उत्तम असू शकतो, पण बिघडल्यावर ती कोणत्या बाजूला खोटे बोलते, हे चालकाला माहीत असलेच पाहिजे.

हाच हिशेब गंजालाही लागू पडतो. लगखाली हिरवट थर साचून 20 ओहमचा जास्तीचा रोध निर्माण झाला, तर 240 ते 33 च्या पद्धतीत काटा पट्ट्याच्या सुमारे एक दशांशाने खाली येतो. टाकी भरूनही काटा पूर्णावर पोहोचत नाही. तितकाच गंज 10 ते 180 च्या पद्धतीत काट्याला एक दशांशाहून थोडे जास्त वर ढकलतो आणि टाकी कोरडी पडली तरी थोडे इंधन शिल्लक असल्याचे दाखवतो. ते ‘थोडे’ म्हणजे नेमके तेच इंधन, ज्याच्या भरवशावर आपण किनारा गाठणार असतो.

जोडणीकडे वळतो. गेजच्या मागे सहसा तीन टर्मिनले असतात: ‘आय’ हे इग्निशन स्विचकडून येणाऱ्या पॉझिटिव्हसाठी, ‘एस’ हे सेंडरसाठी आणि ‘जी’ हे निगेटिव्हसाठी, दिव्यासाठी चौथे असते. अमेरिकी बोटींच्या रंगपद्धतीत इग्निशनमधून उपकरणांकडे जाणारी वायर जांभळी, सेंडरची गुलाबी, निगेटिव्ह काळी किंवा पिवळी आणि उपकरणांच्या दिव्यांची गडद निळी असते. आपल्याकडे जो रंग हाताशी असेल तो वापरून काम उरकण्याची सवय आहे, आणि पुढच्या माणसाला त्यामुळे अर्धा दिवस वायरी शोधत बसावे लागते. रंग पाळता आला नाही तर निदान दोन्ही टोकांना खुणेची पट्टी लावावी. पॉझिटिव्ह वायर फ्यूजमधूनच यावी. गेजला लागणारा विद्युतप्रवाह अत्यल्प असतो, त्यामुळे कमी क्षमतेचा फ्यूज पुरतो. क्षमता जास्त ठेवून काहीही साधत नाही. गेज 12 व्होल्टचे की 24 व्होल्टचे, हेही जोडण्यापूर्वी पाहून घ्यावे.

वायर पुरेशी जाड आणि बोटीसाठीच बनवलेली, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची आणि प्रत्येक धाग्याला कल्हई केलेली तांब्याची असावी. विद्युतप्रवाह इतका कमी असताना जाड वायरीची गरज काय, असे विचारले जाते. गरज विद्युतप्रवाहासाठी नाही, टिकाऊपणासाठी आहे: बारीक वायर थरथरीने लगजवळ तुटते. साध्या तांब्याच्या वायरीत ओलावा आवरणाच्या आतून वर चढतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारी वायर सोलली की आत काळी पडलेली निघते. जोड क्रिंप करून (पकडीने दाबून घट्ट करून) त्यावर आतून चिकट पदार्थ असलेली उष्णतेने आकसणारी नळी बसवावी. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याचा प्रकार बोटीवर मुळीच चालत नाही.

आता निगेटिव्ह. सेंडरच्या डोक्यावर मध्यभागी एक स्टड असतो, त्याला गेजकडून येणारी वायर लागते. त्याच्या भोवतीची धातूची चकती, म्हणजे फ्लॅन्ज, ही सेंडरची निगेटिव्ह बाजू असते. मोटारगाडीत पूर्ण सांगाडाच निगेटिव्ह असल्यामुळे तिथे हा विषय फारसा उद्भवत नाही. बोटीचा सांगाडा फायबरचा किंवा लाकडाचा, टाकी अनेकदा प्लास्टिकची, आणि चकतीखाली रबराचे गास्केट. अशा वेळी चकतीला स्वतंत्र वायर लावून ती निगेटिव्ह बसबारपर्यंत (सगळ्या निगेटिव्ह वायरी जिथे एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीपर्यंत) नेली नाही, तर परिपथ पूर्णच होत नाही. ही वायर कारखान्यातून निघताना बहुधा असते. पण ती बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीच्या, दमट हवेत, चकतीच्या एका स्क्रूखाली दाबलेली असते आणि पुढे तिच्याकडे कोणी पाहत नाही. झाकण उघडून पाहिले तर मधला स्टड स्वच्छ, त्यावर रबरी टोपी, आणि शेजारच्याच स्क्रूखालचा लग हिरवा पडून भुसभुशीत झालेला, असे चित्र वारंवार दिसते. दोन्ही वायरींतून विद्युतप्रवाह सारखाच वाहतो. काळजी मात्र एकीचीच घेतलेली असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. धातूच्या टाकीला आणि इंधन भरण्याच्या तोंडाला स्थिर विद्युत साचू नये म्हणून भूजोडणी (अर्थिंग) दिलेली असते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या पेट्रोल बोटींविषयीच्या नियमांत या भूजोडणीचा रोध 100 ओहमपेक्षा कमी असावा, एवढीच अट आहे. स्थिर विद्युत निचरण्यासाठी तेवढे पुरेसे आहे. गेजसाठी ते अजिबात पुरेसे नाही, कारण ज्या यंत्रणेचा सगळा पट्टाच दोनशे ओहमच्या आसपास आहे, तिच्यात आणखी 90 ओहम घुसले तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. ‘टाकीला अर्थिंग आहे ना, मग सेंडरला वेगळी वायर कशाला?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. सेंडरची निगेटिव्ह वायर स्वतंत्रच असावी, आणि ती गेजची ‘जी’ वायर ज्या बसबारवर जाते त्याच बसबारवर जावी.

तीच बसबार कशासाठी, हे काट्याकडे पाहून कळते. बिल्ज पंप सुरू केला की काटा हलतो, अशी तक्रार आली तर समजावे की सेंडरची किंवा गेजची निगेटिव्ह वायर पंपाच्या निगेटिव्ह वायरीत वाटेत कुठेतरी जोडलेली आहे, आणि पंपाच्या विद्युतप्रवाहामुळे त्या सामाईक वायरीवर होणारी व्होल्टेजची घट गेजला इंधनाचा बदल वाटते आहे. डॅशबोर्डवरचे दिवे लावले की काटा सरकत असेल तर संशय गेजच्या ‘जी’ टर्मिनलवर घ्यावा; तिथला जोड सैल असेल तर दिव्याचा विद्युतप्रवाह सेंडरमधून वाट काढू पाहतो. या दोन्ही तक्रारींवर नवे गेज बसवलेले मी पाहिले आहे. काटा अर्थातच पूर्वीसारखाच हलत राहिला.

तपासणीची पद्धत अवघड नाही, पण क्रम पाळावा. आधी गेजच्या ‘आय’ आणि ‘जी’ या दोन टर्मिनलांमध्ये बॅटरीइतके व्होल्टेज मिळते का ते पाहावे. मग ‘एस’ टर्मिनलची वायर काढावी: अमेरिकी गेज ‘रिकामी’वर गेले पाहिजे. नंतर ‘एस’ आणि ‘जी’ ही टर्मिनले छोट्या वायरीने क्षणभर जोडावीत: ते ‘पूर्ण’वर गेले पाहिजे. (युरोपीय गेजसाठी दोन्ही उत्तरे उलटी समजावीत.) काटा दोन्ही टोकांना गेला तर गेज निर्दोष आहे, त्याला हात लावू नये. पुढे, सुटी केलेली सेंडरची वायर आणि बसबार यांच्यामधला रोध मोजावा, आणि त्यानंतर स्विच बंद ठेवून, वायरी सोडून, थेट सेंडरच्या स्टड व चकतीवर मोजावा. दोन आकड्यांत एक-दोन ओहमपेक्षा जास्त फरक पडला तर दोष वायरीत आहे. फरक नाही, पण आकडा टाकीतल्या इंधनाशी जुळत नाही, तेव्हाच सेंडर बाहेर काढावा. बहुतेक जण सुरुवात शेवटच्या पायरीपासून करतात.

सेंडर काढणे हे काम पेट्रोलच्या बोटीवर गंभीरपणे घेण्याचे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती उडून न जाता बिल्जमध्ये साचते, आणि पेट्रोलचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते) शून्याखाली सुमारे 40 अंश सेल्सिअस असल्याने हवा कितीही थंड असली तरी धोका टळत नाही. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा, झाकणे उघडून जागा हवेशीर करावी, वास पूर्ण गेल्याखेरीज काम सुरू करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘सेंडर चालतो का बघू’ म्हणून बॅटरीची पॉझिटिव्ह वायर थेट सेंडरच्या स्टडला कधीही लावू नये. एरवी विद्युतप्रवाह गेजमधूनच सेंडरकडे येतो आणि गेजच तो मर्यादित ठेवते. 33 ओहमच्या स्थितीत त्याला सरळ 12 व्होल्ट दिले तर त्याच्यातल्या नाजूक तारेत चार वॅटपेक्षा जास्त शक्ती उष्णता होऊन जळते, आणि हे सर्व इंधनाच्या वाफेत घडत असते. डिझेलच्या बाबतीत आगीचा धोका कमी असला, तरी सेंडर जळण्याची शक्यता तेवढीच राहते.

नवीन सेंडर बसवताना त्याची लांबी टाकीच्या खोलीनुसार ठरवावी लागते. दांडीच्या सेंडरमध्ये दांडीचा टेकू टाकीच्या साधारण मध्य खोलीवर यावा, म्हणजे फ्लोट तळापर्यंत आणि छतापर्यंत सारखाच पोहोचतो. टाकीच्या आत इंधन हिंदकळू नये म्हणून आडपडदे असतात, त्यांना दांडी घासणार नाही अशा दिशेने सेंडर धरावा. पाच छिद्रांच्या प्रचलित चकतीवर छिद्रांमधली अंतरे मुद्दाम असमान ठेवलेली असतात, त्यामुळे ती एकाच स्थितीत बसते. गास्केटचीही छिद्रे त्याच क्रमाने जुळवावीत. ती न जुळवता स्क्रू आवळले तर टाकी पूर्ण भरल्यावर कडेने इंधन झिरपते आणि वास सुटतो. आत बसवण्याआधी सेंडर टाकीपासून दूर, मोकळ्या हवेत तात्पुरता जोडून फ्लोट हाताने वरखाली करावा व काटा दोन्ही टोकांना जातो का ते पाहावे. हे दोन मिनिटांचे काम टाळल्यामुळे सगळे पुन्हा उघडावे लागते.

बोटीला वर आणि खाली अशा दोन जागी सुकाणू असेल आणि दोन्ही ठिकाणी गेज हवे असेल, तर एकाच साध्या सेंडरला दोन गेजे जोडून भागत नाही. दोन्ही चुकीचे दाखवतात. त्यासाठी दोन गेजांसाठी बनवलेला कमी रोधाचा सेंडर मिळतो, किंवा एका वेळी एकच गेज जोडणारा स्विच बसवता येतो.

जोडणी निर्दोष झाल्यावरही ‘अर्धी’ म्हणजे अर्धे इंधन असे धरून चालू नये. बोटीच्या टाक्या अनेकदा तळाच्या आकाराप्रमाणे खाली निमुळत्या असतात. अशा टाकीत निम्म्या उंचीपर्यंत इंधन असले तर त्याचे प्रमाण निम्म्याहून बरेच कमी असते. बोट वेगात असताना पुढचा भाग उचलला जातो आणि इंधन मागे सरकते. सेंडर टाकीच्या मध्यभागी नसेल तर काटा त्यानुसार फसवतो. यावर उपाय एकच आहे. टाकी जवळजवळ रिकामी असताना मोजून ठरावीक लिटर इंधन भरत जावे, प्रत्येक वेळी बोट स्थिर आणि सपाट असताना काट्याची जागा लिहून ठेवावी, आणि तो तक्ता गेजजवळ चिकटवावा. जाताना एक तृतीयांश, येताना एक तृतीयांश आणि उरलेला एक तृतीयांश राखीव, हा जुना नियम जे पाळतात त्यांना निदान ‘तृतीयांश’ कुठे येतो हे तरी माहीत असायला हवे.

आपल्या दैनिकामार्फत बोट बांधणाऱ्यांना आणि बोटींची तपासणी करणाऱ्यांना माझी तीन बाबतींत विनंती आहे. सेंडरच्या वर हात जाईल असे उघडता येणारे झाकण ठेवावे. डेक कापल्याशिवाय सेंडरपर्यंत पोहोचता येत नाही अशा बोटी आजही बनतात, आणि तिथे निगेटिव्हचा लग साफ करणे हे लाकूडकाम होऊन बसते. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला सेंडरचा रिकाम्या व भरलेल्या स्थितीतला रोध न पुसणाऱ्या शाईने लिहावा. आणि वार्षिक तपासणीत सेंडरची वायर मुद्दाम सोडून, काटा कोणत्या दिशेने जातो, हे बोटीच्या चालकाला समोर उभे करून दाखवावे. यातल्या कशालाही नवीन उपकरण लागत नाही. एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

आपला नम्र,
एक वाचक
(बोटींच्या विद्युत जोडणीचे काम करणारा कारागीर)